कागदपत्रे सांभाळण्याची स्पॅनिश : आवक-जावकेपासून अभिलेखागारापर्यंत

स्पॅनिश शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत विमानतळ, उपाहारगृह, बाजार आणि कुटुंब यांचे शब्द पहिल्या काही धड्यांत येतात. कागदपत्रांचे शब्द मात्र फार उशिरा येतात किंवा येतच नाहीत. प्रत्यक्षात, स्पेनमध्ये शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याची पहिल्या काही आठवड्यांतच भाडेकरार, नगरपालिकेतील रहिवास नोंदणी आणि परदेशी नागरिकाचे ओळखपत्र या तिन्हींशी गाठ पडते. पुण्यात बसून मेक्सिकोतील ग्राहकाची बिले तपासणाऱ्या लेखा कर्मचाऱ्याला दिवसभर स्पॅनिश नावांच्या फाईली उघडाव्या लागतात. आणि पोर्तुगीज-स्पॅनिश काळाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाला तर सूचीतील शब्द कळल्याखेरीज एकही कागद मागवता येत नाही. हा लेख या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

पहिला सल्ला पद्धतीविषयी आहे. हे शब्द अकारविल्हे यादी करून पाठ करू नयेत. कागद कार्यालयात येतो, त्यावर शिक्का बसतो, तो फाईलला लागतो, फाईल कपाटात जाते आणि मुदत संपली की ती अभिलेख कक्षात जाते किंवा नष्ट केली जाते. या वाटेने चालत शब्द गोळा करावेत. प्रत्येक नाम त्याचे लिंग दाखवणाऱ्या 'एल' किंवा 'ला' या उपपदासह आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदासह वहीत लिहावे, आणि शेजारी तो शब्द कोणत्या देशात चालतो हेही नोंदवावे. या तिसऱ्या नोंदीचा कंटाळा करू नये, कारण दफ्तरी स्पॅनिशमध्ये एकाच वस्तूला देशोदेशी वेगवेगळी नावे आहेत आणि एकच नाव देशोदेशी वेगवेगळ्या वस्तूंना लागते.

उच्चाराविषयी आधी थोडे

स्पॅनिश त आणि द हे आपल्यासारखेच जीभ दातांना लावून उच्चारले जातात, त्यामुळे देवनागरीत हे शब्द बऱ्यापैकी नेमके उतरतात. मराठी वाचकाने जपायचे ते च या अक्षराला. मराठीत च दोन प्रकारचा आहे आणि स्पॅनिशमधील च नेहमी 'चार'मधला असतो, 'चाक'मधला कधीच नसतो. तारीख या अर्थाचा 'फेचा' हा शब्द वाचताना ही चूक सहज होते. फ हा 'फाईल'मधला समजावा. पुढे 'काहा' (खोका) किंवा 'काहोन' (खण) अशा शब्दांत जो ह दिसेल, तो स्पेनमध्ये घशातून, उर्दूतील 'ख़बर'च्या पहिल्या ध्वनीसारखा खरखरीत येतो, तर लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत तो साध्या ह कडे झुकतो. ब आणि व असा भेद स्पॅनिशमध्ये नाही, म्हणून 'आर्चिवो' कोणी 'आर्चिबो' असे म्हटले तरी तो शब्द तोच आहे. कागदाचे पान या अर्थाचा 'ओहा' हा शब्द लिहिताना एच या अक्षराने सुरू होतो, पण त्या अक्षराचा उच्चार होत नाही. शब्दकोशात तो शोधताना हे लक्षात ठेवावे लागते.

पायाचे शब्द

सर्वांत आधी तीन शब्द पक्के करावेत : 'ला कार्पेता', 'एल आर्चिवो' आणि 'एल एक्स्पेदिएंते'. मराठीत आपण या तिन्हींना सरसकट 'फाईल' म्हणतो, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

कार्पेता म्हणजे कागद ठेवण्याची वस्तू, म्हणजे पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची फाईल. संगणकावरील फोल्डरलाही हाच शब्द आहे. आर्चिवो या शब्दाचा आवाका मोठा आहे. संगणकावरची एकेक फाईल म्हणजे आर्चिवो, कार्यालयातील अभिलेख कक्ष म्हणजे आर्चिवो, राष्ट्रीय अभिलेखागारासारखी संस्था म्हणजेही आर्चिवो, आणि एखादे प्रकरण बंद करण्याची क्रिया म्हणजेसुद्धा आर्चिवो. कोणता अर्थ घ्यायचा ते सोबतच्या क्रियापदावरून ठरते. 'आब्रा एल आर्चिवो' असे म्हटले तर संगणकावरची फाईल उघडायची आहे, आणि 'बाहे आल आर्चिवो' असे म्हटले तर खाली अभिलेख कक्षात जायचे आहे.

एक्स्पेदिएंते म्हणजे एका विषयाचे सगळे कागद क्रमाने लावून तयार झालेले प्रकरण. महाराष्ट्र शासनाच्या मराठीत ज्याला 'नस्ती' म्हणतात, ते हेच. स्पेनच्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या २०१५ च्या ३९ क्रमांकाच्या कायद्यात ७० व्या कलमात याची व्याख्याच दिली आहे : प्रशासकीय निर्णयाला पार्श्वभूमी आणि आधार पुरवणाऱ्या कागदपत्रांचा व कार्यवाहीचा क्रमवार लावलेला संच. ही व्याख्या ध्यानात ठेवली, की सरकारी पत्राच्या माथ्यावर 'नूमेरो दे एक्स्पेदिएंते' का असतो आणि पुढच्या प्रत्येक पत्रव्यवहारात तोच क्रमांक का लिहायचा, हे वेगळे सांगावे लागत नाही. विद्यापीठात 'एक्स्पेदिएंते आकादेमिको' मागितले, तर तिथे विद्यार्थ्याचे सर्व वर्षांचे गुण दाखवणारे अधिकृत पत्रक अपेक्षित असते. 'ले आन आबिएर्तो उन एक्स्पेदिएंते' हे वाक्य एखाद्या कर्मचाऱ्याविषयी ऐकू आले, तर त्याच्यावर शिस्तभंगाची किंवा तत्सम कारवाई सुरू झाली आहे, असे समजावे.

या तिघांच्या जोडीला 'ला फिचा' आणि 'एल फिचेरो' घ्यावेत. फिचा म्हणजे नोंदीचे कार्ड, आणि ग्रंथालयात पूर्वी असत तशा कार्डांचा खोका किंवा कपाट म्हणजे फिचेरो. स्पेनमध्ये संगणकावरील फाईललाही फिचेरो म्हणतात, लॅटिन अमेरिकेत मात्र त्या अर्थाने आर्चिवोच चालतो.

मराठी माणसाला काही शब्द जवळजवळ फुकटच मिळतात. मेज, चावी, अलमारी आणि पगार हे शब्द पोर्तुगीजमधून आपल्याकडे आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण असल्याने 'मेसा' (मेज), 'यावे' (चावी), 'आर्मारियो' (कपाट) आणि 'पागार' (पैसे देणे) हे कानावर पडताच ओळखू येतात. गोव्याच्या आणि तळकोकणाच्या वाचकांना अशा आणखी जोड्या आपल्या बोलीतच सापडतील.

खिडकीपासून कपाटापर्यंत

आता एक कागद हातात घेऊन त्याच्याबरोबर चालू. समजा, स्पेनमधल्या एखाद्या शहरात तुम्ही खोली भाड्याने घेतली आणि 'एल कोंत्रातो', म्हणजे भाडेकरार, घेऊन नगरपालिकेत रहिवास नोंदवायला गेलात. या नोंदणीला 'एंपाद्रोनामिएंतो' म्हणतात. बहुतेक ठिकाणी आधी 'सिता प्रेविया', म्हणजे वेळ ठरवून घेणे, आवश्यक असते. स्पेनच्या मोठ्या भागात यातला स जिभेचे टोक दातांमध्ये घेऊन, थ च्या जवळ उच्चारला जातो. ज्या खिडकीपाशी काम होते ती 'ला वेंतानिया'. तिथला कर्मचारी 'ओरिहिनाल ई कोपिया' मागतो, म्हणजे मूळ कागद आणि झेरॉक्स. प्रत मूळ कागदाशी पडताळून तीवर अधिकृत शिक्का मारून दिला जातो, त्या क्रियेला स्पेनमध्ये 'कोंपुल्सार' आणि अशा प्रतीला 'कोपिया कोंपुल्सादा' म्हणतात. मेक्सिकोत त्याच कामाची प्रत 'कोपिया सेर्तिफिकादा' असते, तर कोलंबियात 'कोपिया आउतेंतिकादा'. आपल्याकडची साक्षांकित प्रत ती हीच.

कागद दाखल होतो तिथे 'रेहिस्त्रो दे एंत्रादा' असतो. हा आपला आवक विभाग, आणि 'रेहिस्त्रो दे सालिदा' हा जावक. दाखल केलेल्या कागदावर तारीख आणि क्रमांक असलेला शिक्का, 'एल सेयो', बसतो. इथे एक वाक्य तोंडपाठ असावे : 'मे सेया ला कोपिया, पोर फावोर?' माझ्या प्रतीवर शिक्का मारून देता का, असा त्याचा अर्थ. शिक्का बसलेली ही प्रत पुढे वाद उद्भवल्यास सर्वांत उपयोगी पडते, म्हणून ती मागायला अजिबात संकोचू नये. कागद मिळाल्याची पोच म्हणजे 'आकूसे दे रेसीबो'. अर्ज दिल्याची पावती स्पेनमध्ये 'रेस्ग्वार्दो' किंवा 'हुस्तिफिकांते' या नावाने मिळते, आणि लॅटिन अमेरिकेत त्याच अर्थाने 'कोंप्रोबांते' हा शब्द अधिक ऐकू येतो.

अर्जात काही कमी असेल, तर कार्यालय 'रेकेरिमिएंतो दे सुब्सानासिओन' पाठवते, म्हणजे त्रुटी दूर करण्याची सूचना. वर सांगितलेल्याच कायद्याच्या ६८ व्या कलमाप्रमाणे त्यासाठी १० दिवस मिळतात, आणि हे दिवस कामकाजाचे धरले जातात. या मुदतीत उत्तर दिले नाही, तर अर्जदाराने मागणी सोडून दिली असे धरले जाते. 'सुब्सानार' हे क्रियापद रोजच्या संभाषणात क्वचितच भेटते, पण पत्रात ते दिसले की तारीख आधी पाहावी.

भारतातून नेलेल्या जन्मदाखल्याला किंवा पदवीला 'आपोस्तिया', म्हणजे १९६१ च्या हेग कराराप्रमाणे दिलेले प्रमाणपत्र, जोडलेले असते. भारत या करारात २००५ मध्ये आला आणि आपल्याकडे ते परराष्ट्र मंत्रालय देते. स्पेनमध्ये अधिकृत अनुवाद 'त्रादुक्तोर हुरादो', म्हणजे शपथबद्ध अनुवादक, करतो. मेक्सिकोत त्याला 'पेरितो त्रादुक्तोर' म्हणतात. मूळ कागद, आपोस्तिया आणि अनुवाद एकत्र टाचलेले असतील, तर स्कॅन करण्याच्या सोयीसाठीसुद्धा पिना काढू नयेत, कारण सुटे झालेले पान त्याच संचातले आहे याविषयी अधिकारी शंका घेऊ शकतो. 'नो क्वितार लास ग्रापास', पिना काढू नयेत, अशी चिठ्ठी वर लावून ठेवणे चांगले.

घरी आल्यावर कागद ठेवायचा कशात? स्पेनच्या घरांत आणि लहान कार्यालयांत सर्वत्र दिसते ते 'आर्चिवादोर दे पालांका', म्हणजे आत लोखंडी पकड असलेली आपली बॉक्स फाईल. पानाला भोके पाडायचे यंत्र 'तालाद्रादोरा' किंवा 'पेर्फोरादोरा'. फाईल फळीवर उभी ठेवली की जी कड समोर दिसते, ती 'एल लोमो', पाठ. आणि तिच्यावरची चिठ्ठी 'ला एतिकेता'. एखाद्या लहान व्यवसायाच्या फळीवरच्या चिठ्ठ्या डावीकडून वाचत गेले, तर साधारण हे दिसते : 'फाक्तुरास एमितिदास' (दिलेली बिले), 'फाक्तुरास रेसिबिदास' (आलेली बिले), 'नोमिनास' (पगारपत्रके), 'बांकोस' (बँका), 'इंपुएस्तोस' (कर), आणि शेवटी 'वारियोस', म्हणजे कुठेच न बसणारे कागद. प्रत्येक चिठ्ठीवर वर्ष आणि बहुधा तिमाही असते : 'प्रिमेर त्रिमेस्त्रे', 'सेगुंदो त्रिमेस्त्रे'. आतले विभाग पाडणारी रंगीत पाने 'सेपारादोरेस', आणि त्यांच्या बाहेर डोकावणाऱ्या टोकाला 'पेस्तान्या' असे नाव आहे, ज्याचा मूळ अर्थ पापणीचा केस. ही सहा नावे आणि दोन-तीन आनुषंगिक शब्द एवढ्यावर कोणत्याही हिशेबनिसाच्या खोलीत निभावता येते. पुण्यातून स्पॅनिश ग्राहकाचे लेखे पाहणाऱ्यांनी तर सुरुवात येथूनच करावी.

देश बदलला की वस्तूचे नाव बदलते

स्टेपलरइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. स्पेनमध्ये तो 'ग्रापादोरा', मेक्सिकोत 'एंग्रापादोरा', कोलंबियात 'कोसेदोरा', अर्जेंटिनात 'आब्रोचादोरा' आणि चिलीमध्ये 'कोर्चेतेरा'. त्यातली पिन स्पेनमध्ये आणि मेक्सिकोत 'ग्रापा', अर्जेंटिनात 'ब्रोचे', तर चिलीत 'कोर्चेते'. यांपैकी एकच शिकायचा झाला तर 'ग्रापादोरा' शिकावा, कारण तो इतर देशांतही बहुतेकांना समजतो. मात्र ग्राहक एकाच देशातला असेल, तर त्याचाच शब्द वापरण्यात सौजन्य आहे.

बॉक्स फाईल अर्जेंटिनात आणि उरुग्वेत 'बिब्लिओरातो' होते. लोखंडी खणांचे उभे कपाट मेक्सिकोत 'आर्चिवेरो' म्हणून ओळखले जाते आणि त्याच्या खणांना 'गावेता' म्हणतात. पण स्पेनमध्ये 'आर्चिवेरो' म्हणजे अभिलेखपाल, अभिलेखागारात काम करणारा माणूस. लॅटिन अमेरिकेत त्या माणसाला 'आर्चिविस्ता' म्हणतात. 'आर्चिवेरोला विचारा' या वाक्याचा अर्थ माद्रिदमध्ये आणि मेक्सिको शहरात किती वेगळा होईल, हे यावरून कळेल. पेरूमध्ये 'कार्पेता' म्हटले तर शाळेतले बाक समोर येते, म्हणून तिथे आणि मेक्सिकोतही पुठ्ठ्याच्या साध्या फाईलला 'फोल्देर' हा इंग्रजीवरून घेतलेला शब्द रूढ झाला आहे.

मला यांत सर्वांत फसवा वाटणारा शब्द 'फोलिओ' आहे. स्पेनमधल्या दुकानात 'फोलिओस' मागितले तर ए-४ कोरे कागद मिळतात. अर्जेंटिनात 'फोलिओ' मागितला तर कागद घालायची पारदर्शक प्लास्टिकची पिशवी मिळते, जिला स्पेनमध्ये 'फुंदा' म्हणतात. वकिलाच्या किंवा अभिलेखपालाच्या तोंडी मात्र दोन्ही देशांत फोलिओ म्हणजे क्रमांक घातलेले पान, आणि 'फोलियार' म्हणजे प्रकरणातील पानांना क्रमाने आकडे घालणे, ज्याला आपण पृष्ठांकन म्हणतो.

ठेवणे, लावणे, जतन करणे

वस्तूंची नावे चुकली तर बोट दाखवून भागते. क्रियापद चुकले तर काम चुकते. म्हणून क्रियापदांना अधिक वेळ द्यावा.

'ग्वार्दार' म्हणजे ठेवणे, जपून ठेवणे. संगणकावर सेव्ह करणे हेही ग्वार्दार, आणि कोणत्याही प्रणालीच्या यादीत 'ग्वार्दार' व 'ग्वार्दार कोमो' हे पर्याय दिसतात. 'आर्चिवार' म्हणजे कागद त्याच्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने लावणे. 'कोन्सेर्वार' म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत सांभाळणे. त्या मुदतीला 'प्लासो दे कोन्सेर्वासिओन' म्हणतात. ही मुदत हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. स्पेनच्या व्यापार संहितेच्या ३० व्या कलमाप्रमाणे व्यावसायिकाला आपल्या वह्या, पत्रव्यवहार आणि पुरावे ६ वर्षे सांभाळावे लागतात, आणि मेक्सिकोत करविषयक हिशेब सर्वसाधारणपणे ५ वर्षे ठेवावे लागतात. 'क्लासिफिकार' म्हणजे वर्गवारी करणे, 'ओर्देनार' म्हणजे क्रम लावणे, 'एतिकेतार' म्हणजे चिठ्ठी लावणे. मुदत संपल्यावर कागद ज्या यंत्रात घालतात ते 'देस्त्रुक्तोरा दे पापेल' किंवा 'त्रितुरादोरा'.

रोजच्या कामात ही क्रियापदे आज्ञार्थात येतात आणि कर्माचे सर्वनाम त्यांना शेवटी चिकटते. एखाद्याने विचारले, 'दोंदे ग्वार्दो एस्ता फाक्तुरा?', हे बिल कुठे ठेवू? उत्तर येईल, 'आर्चिवेला एन ला कार्पेता दे प्रोवेएदोरेस', ते पुरवठादारांच्या फाईलला लावा. बिलाऐवजी करार असता, तर 'आर्चिवेलो' म्हटले असते, कारण फाक्तुरा स्त्रीलिंगी आहे आणि कोंत्रातो पुल्लिंगी. मराठीतही 'ती पावती', 'तो करार' असे आपण लिंग पाळतोच, त्यामुळे ही कल्पना आपल्याला नवी नाही. मात्र दोन भाषांतली लिंगे जुळतील असे गृहीत धरू नये. मराठीतली फाईल स्त्रीलिंगी, स्पॅनिश आर्चिवो पुल्लिंगी. नाम उपपदासह पाठ करण्याचा आग्रह याचसाठी आहे.

आता या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा इशारा. सरकारी किंवा न्यायालयीन पत्रात 'से आर्चिवा एल एक्स्पेदिएंते' किंवा 'आर्चिवो दे लास आक्तुआसियोनेस' असे शब्द आले, तर आपले कागद नीट ठेवण्यात आले आहेत असा त्याचा अर्थ घेऊ नये. प्रकरण बंद झाले, पुढे कार्यवाही होणार नाही, असे ते सांगत आहे. मराठी वाचकाला हे समजायला मुळीच कठीण नाही, कारण आपल्या शासकीय पत्रांतही 'प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे' किंवा 'अर्ज दप्तरी दाखल केला' याचा अर्थ नेमका हाच असतो. शब्दकोशात 'आर्चिवार'समोर 'फाईल करणे' एवढेच वाचून निश्चिंत राहिलेला अर्जदार हरकतीची मुदत घालवून बसू शकतो. असे पत्र आले की खाली दिलेली 'रेकुर्सो', म्हणजे अपील वा फेरविचार, याविषयीची ओळ आणि तिच्यातील 'प्लासो', मुदत, लगेच शोधावी.

बोलीत याच्याच जवळचा एक वाक्प्रचार आहे : 'दार कार्पेतासो', फाईल धाडकन मिटणे, म्हणजे विषय परस्पर गुंडाळून टाकणे. वर्तमानपत्रांत तो वरचेवर येतो. आणि एक क्रियापद तर इतके उपयोगी आहे की त्याला मराठीत एका शब्दाची जोड नाही : 'त्रास्पापेलार्से', कागद इतर कागदांत मिसळून सापडेनासा होणे. 'से मे आ त्रास्पापेलादो ला फाक्तुरा' म्हटले की बिल हरवलेले नाही, इथेच कुठेतरी आहे, पण चुकीच्या ढिगात गेले आहे, हे सगळे सांगून होते.

क्रम आणि नावे

फाईली नावाप्रमाणे लावायच्या असतील, तर दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली आडनावांची. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, 'प्रिमेर आपेयिदो' आणि 'सेगुंदो आपेयिदो', आणि फाईल पहिल्या आडनावाखाली लागते. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचे नाव शोधायचे ते ग या अक्षराखाली, म नव्हे. मराठी माणूस अर्ज भरताना इथे अडतो, कारण आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि एकच आडनाव अशी मांडणी असते. पारपत्रात आडनावाच्या रकान्यात जे आहे तेच 'प्रिमेर आपेयिदो'मध्ये लिहावे, उरलेली नावे 'नोंब्रे'च्या रकान्यात जशीच्या तशी द्यावीत आणि दुसऱ्या आडनावाची जागा रिकामी सोडावी. वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात गेले, की पुढची सगळी कागदपत्रे भलत्याच अक्षराखाली लागतात आणि दर वेळी दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो.

दुसरी गोष्ट वर्णक्रमाची. न नंतर 'एन्ये' हे वेगळे अक्षर येते. शिवाय 'चे' (सी आणि एच मिळून) आणि 'एये' (दोन एल मिळून) ही जोडाक्षरे १९९४ पर्यंत कोशांत स्वतंत्र अक्षरे म्हणून लावली जात. त्यामुळे जुन्या कार्डांच्या कपाटात 'चावेस' हे आडनाव 'कुएवास'च्या पुढे सापडते, तर आजच्या संगणकीय यादीत ते खूप आधी येते. जुन्या फिचेरोत एखादे नाव मिळाले नाही, तर ते नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी सी या अक्षराच्या सगळ्या कप्प्यांच्या शेवटी पाहावे.

तारीख आपल्यासारखीच दिवस, महिना, वर्ष अशी लिहितात. संगणकावरच्या फाईलींना नाव देताना मात्र वर्ष आधी लिहावे, नाहीतर 'आब्रिल', 'आगोस्तो', 'दिसिएंब्रे', 'एनेरो' असा महिन्यांचा वर्णक्रम लागून वर्षाचा क्रम विस्कटतो. रकमेविषयीही एक दक्षता घ्यावी : स्पेन आणि अर्जेंटिना येथे दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात, मेक्सिकोत आपल्यासारखे दशांशाला टिंब असते. '१.५००' हा आकडा माद्रिदच्या बिलावर दीड हजार असतो.

संगणकावर

येथे शब्द कमी आहेत आणि बहुतेक आधीच आले आहेत. जोडपत्र 'आद्हुंतो', जोडणे 'आद्हुंतार'. उतरवून घेणे 'देस्कार्गार', चढवणे 'सुबिर'. ढग, म्हणजे क्लाऊड, 'ला नुबे'. कचऱ्याची टोपली 'ला पापेलेरा'. सुरक्षित प्रतीला स्पेनमध्ये 'कोपिया दे सेगुरिदाद' म्हणतात आणि लॅटिन अमेरिकेत 'रेस्पाल्दो'. ईमेलमधील 'आर्चिवार' हे बटण संदेश पुसत नाही, फक्त समोरच्या यादीतून हलवते. पुसण्याचे बटण 'एलिमिनार' किंवा 'बोरार'.

लेगाहो आणि जुने कागद

संशोधकांसाठी शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत सुंदर शब्द उरतो : 'एल लेगाहो'. 'बांधणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला हा शब्द एकत्र बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला लागतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद जसे रुमालांत बांधून ठेवलेले असतात आणि संशोधक 'अमुक क्रमांकाचा रुमाल' म्हणून मागणी करतो, तसेच स्थान स्पॅनिश अभिलेखागारांत लेगाहोचे आहे. (अर्जेंटिनातील कंपनीत मात्र 'लेगाहो' म्हणजे कर्मचाऱ्याची वैयक्तिक नस्ती.) सेव्हिल येथील 'आर्चिवो हेनेराल दे इंदियास' ही संस्था राजा तिसरा कार्लोस याने १७८५ मध्ये स्थापन केली. तिथे सुमारे ४३,००० लेगाहो आणि सुमारे ८ कोटी पाने आहेत, आणि १९८७ पासून ती इमारत युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. नावात 'इंदियास' असले तरी तिथली कागदपत्रे मुख्यतः अमेरिका आणि फिलिपिन्स येथील स्पॅनिश राज्यकारभाराची आहेत, हे ध्यानात घेऊनच तिकडे वळावे. गोव्याच्या अभ्यासकाने वायादोलिदजवळच्या किल्ल्यातील 'आर्चिवो हेनेराल दे सिमांकास' आधी पाहावे, कारण १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल आणि स्पेन एकाच राजाच्या अमलाखाली होते.

अशा संस्थेत सगळे कागद उतरत्या पायऱ्यांनी लावलेले असतात : आधी 'फोंदो', म्हणजे एका कार्यालयाचा पूर्ण संग्रह, त्यात 'सेक्सिओन', त्यात 'सेरिए', आणि मग गठ्ठा. प्रत्येक कागदाचा जो मागणी क्रमांक असतो, त्याला 'सिग्नातुरा' म्हणतात. हा शब्द ऐकून सहीचा भास होतो, पण सही म्हणजे 'फिर्मा'. सिग्नातुरात विभागाचे नाव, लेगाहोचा क्रमांक आणि नंतर बऱ्याचदा आर आणि एन ही अक्षरे येतात. आर म्हणजे 'रामो', गठ्ठ्यातला पोटविभाग, आणि एन म्हणजे 'नूमेरो', त्यातला अनुक्रमांक. पानांच्या उल्लेखात 'फोलिओ'च्या आकड्यापुढे 'रेक्तो' असेल तर पानाची पुढची बाजू आणि 'वुएल्तो' असेल तर मागची.

सेव्हिलला जाणे शक्य नसेल, तर स्पेनच्या सरकारी अभिलेखागारांचे 'पारेस' हे संकेतस्थळ २००७ पासून विनामूल्य खुले आहे. शोधाच्या चौकटीत 'गोआ' आणि 'इंदिया ओरिएंताल' हे दोन्ही शब्द वेगवेगळे टाकून पाहावेत, निकालाच्या प्रत्येक ओळीत आधी सिग्नातुरा वाचावी, मग 'फेचा', आणि पानांची छायाचित्रे उपलब्ध असल्याची खूण दिसली तरच पुढे उघडावे. नसेल, तर सिग्नातुरा वहीत जशीच्या तशी, स्वल्पविरामांसह उतरवून घ्यावी, कारण वाचनकक्षात मागणीपत्रावर तीच लिहावी लागते.